माझ्या खाटेवर आबा

आधी वानखडे सिस्टरांचं नाव लिहितो, बाकीचं मागून. पूर्ण नाव लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आडनाव पुरे झालं भाऊ. आमच्या इथं वानखडे कितीक आहेत, ज्याला पाहिजे त्यानं आपलं समजून घ्यावं." अकोल्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात त्या काम करतात. त्या दुपारी त्या चालत आल्या असत्या तर हे लिहायला मी उरलो नसतो. त्या पळत आल्या.

दुसरं नाव बेबीबाईंचं. त्या हिवरखेडच्या. शेजारच्या खाटेवर त्यांचा नवरा दम्यानं पडला होता. माझं कोणी नव्हतं तेव्हा त्यांनी मला चहा पाजला आणि शिव्याही दिल्या. दोन्हीचा उपयोग झाला.

माझं नाव सदाशिव. शाळा सातवीत सुटली. त्यामुळं लिहिण्यात चुका असतील त्या पोटात घाला. जे माझ्यासारखे घरापासून लांब राहून काम करतात, आणि दवाखान्यात ज्यांच्या गादीखाली आज श्वास मोजणारी पट्टी घातलेली आहे, त्यांच्यासाठी लिहितोय.

पिवळा धूर

गाव माझं सांगली जिल्ह्यात, विट्याकडं. आमच्याकडची पोरं मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या धंद्याला बाहेर पडतात. सोनाराकडचे जुने डाग, तुटकी पैंजणं तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालून त्यातलं चोख सोनं-चांदी वेगळं काढायचं, त्याला गलाई म्हणतात. कुठल्याही शहराच्या सराफ्यात जा, मागच्या बोळात आमच्याकडचा माणूस सापडेल. मी अमरावतीत सापडतो. दुकान तात्यांचं. तात्या आमच्या शेजारच्या गावचे. मी पोरगा असताना त्यांच्याबरोबर आलो तो इथंच राहिलो. बायको संगीता आणि लेक गावाकडं, आईआबांजवळ.

तेजाबात माल पडला की पिवळा-तांबूस धूर उठतो. तो बाहेर ओढायला पंखा असतो. त्या दिवशी तात्या बडनेऱ्याला गेले होते आणि माल अर्ध्यात असताना पंखा बंद पडला. मी बाहेर पळालो, खोकलो, परत आत गेलो. माल दुसऱ्याचा होता, तसाच टाकून कसं चालेल? खाली ठेवला, झाकला, पुन्हा बाहेर आलो. डोळ्यांतून पाणी, घशात आग. मग गूळ खाल्ला. आमच्यात धूर लागला की गूळ खातात. बरं वाटलं. तात्या आल्यावर त्यांना हसत सांगितलंही.

दिवस मावळेपर्यंत बरंच होतं. मग जिना चढताना मधेच थांबावं लागलं. पुढच्या पायरीला परत. वर पोचलो तेव्हा बोलता येईना. तात्यांनी मला रिक्षात घातलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून उजेडात धरला, आमच्याकडं बघितलंच नाही, नुसतं म्हणाले, "अकोल्याला न्या. आत्ताच."

ॲम्ब्युलन्समध्ये मास्क लावून पडलो होतो. मूर्तिजापूर गेलं असं कोणीतरी म्हणालं. मी लेकीचं तोंड आठवायचा प्रयत्न करत होतो आणि ते आठवेना. नाक आठवायचं, डोळे आठवायचे, पण सगळं एकत्र येत नव्हतं. त्याची मला श्वासापेक्षा जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी सांगितलं ते

मोठ्या डॉक्टरांनी जास्त शब्द वापरले नाहीत. "फुप्फुस आतून भाजलंय," म्हणाले. औषध सुरू झालं, ऑक्सिजन सुरू झाला, आणि काही दिवसांत खरंच उतार पडला. मी म्हटलं, सुटलो. मग त्यांनी खाटेच्या कडेला हात ठेवून दुसरी गोष्ट सांगितली.

"हे एकदा बरं वाटतं आणि परत उलटतं. सगळ्यांचं नाही, काहींचं. उलटलं तर लवकर कळलं पाहिजे. लवकर कळलं तर आमच्या हातात असतं."

"आणि उशिरा कळलं तर?"

ते म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला घरी सोडत नाही."

त्या दिवसापासून माझं एकच काम झालं. पडून राहायचं आणि आपला श्वास ऐकायचा. ज्यानं हे केलंय त्याला सांगायला नको. श्वास ऐकायला लागलं की तो बिघडतोच. पाणी गिळताना अडकला, कूस बदलली की अडकला. मी सिस्टरांना हाक मारायचो. त्या यायच्या, बोटाला चिमटा लावून बघायच्या, "चांगलं आहे भाऊ," म्हणायच्या. त्यांची पाठ फिरली की मला परत हाक माराविशी वाटायची.

बेबीबाई एकदा म्हणाल्या, "अरे काहून त्या पोरीचे पाय तोडून राहिला? तिले काय तू एकटाच हायेस का?"

मला लाज वाटली. पण भीती लाजेला ऐकत नाही.

पट्टी

मग मोठ्या डॉक्टरांनी मला बेबीबाईंच्या पलीकडच्या, नऊ नंबरच्या खाटेवर हलवलं. वॉर्डातल्या काहीच खाटांना ते मशीन होतं. गादीखाली पातळ पट्टी घातलेली. अंगाला वायर नाही, चिमटा नाही. उशाशी भिंतीला एक छोटी पेटी, तिच्यावर आकडे आणि एक दिवा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे पळा. तेच आकडे सिस्टरांच्या टेबलावर आणि डॉक्टरांच्या मोबाइलवरही दिसतात.

एक तरुण डॉक्टर होते, आम्ही त्यांना छोटे डॉक्टर म्हणायचो. त्यांनी समजावलं. "यात ए.आय. आहे. पट्टी तुमचा श्वास आणि नाडी मोजते. पुष्कळ पेशंटांचे श्वास याला दाखवून शिकवलंय. कोणाचं बिघडणार ते याला माणसाच्या आधी कळतं."

बेबीबाई कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग आमच्या बुड्याले काहून नाई लावली?"

"मावशी, ज्यांचं अचानक उलटू शकतं त्यांनाच लावतो सध्या."

"आमच्या बुड्याचं तं रोजच उलटते. ते मले बिना मशीनचं कयते."

खाटेवरून त्यांचा बुडा खोकता खोकता हसला.

पेटीवर माझं नाव होतं. सदाशिव, बेड नऊ. माझं नाव असं उजेडात लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं. आई कशी लेकराकडं न बघताही बघत असते, तसं काहीतरी आपल्यावर आहे असं वाटलं. मी सिस्टरांना हाका मारायचं कमी केलं. श्वास अडकल्यासारखा झाला की मान वळवून दिवा बघायचा. हिरवा. मग तो श्वास आपोआप सुटायचा.

"नवी नवरी हाये काय रे त्या डब्ब्यात? नजर हालत नाई तुही," बेबीबाई म्हणायच्या.

वानखडे सिस्टरही खूश होत्या. "हिरवं आहे तोवर निवांत झोपा भाऊ," म्हणाल्या. हे त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. मी ते देवाचं सांगणं धरून बसलो.

बोटाचा चिमटा निघाला. मास्कही थोडा थोडा वेळ काढून ठेवायला लागले.

आबा आले

तात्या दुकान सोडून किती दिवस बसणार? ते येऊन-जाऊन असायचे. फोनवर संगीता रडायची, "मी येते." आबा म्हणायचे, "बाई माणसानं लेकरू घिऊन एवढ्या लांब कुठं जायचं, मी जातो." त्यावरून घरात दोघांचं वाजलं. फोनमधून मला मागचं ऐकू यायचं. "नवरा माझा हाय का तुमचा?" असं ती आबांना म्हणाली. आमच्या घरात असं कोणी आबांना कधी बोललं नव्हतं.

आबाच आले. कराडहून गोंदियाच्या गाडीत, जनरलच्या डब्यात दाराशी उकिडवं बसून. वॉर्डात आले तेव्हा गुडघे सुजले होते आणि हातात आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. मला बघून त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"दम लागतो?"

"आता न्हाई आबा. हे बघा, हिरवं हाय."

त्यांनी पेटीला नमस्कार केला.

दुपारचं जेवण झालं. बेबीबाई नवऱ्याला चाकाच्या खुर्चीत घालून फोटो काढायला खाली घेऊन गेल्या. वॉर्ड सुस्तावला होता. आबा स्टुलावर बसून पेंगत होते. एकदा तर पुढं झुकून पडायलाच आले.

मी म्हटलं, "आबा, वर या. जरा पाठ टेका."

"नगं. तू पेशंट हाईस."

"मला खालीच बरं वाटंल. फरशी गार हाय. गादीनं पाठ उकडून निघालीय."

ते खोटं नव्हतं. पण खरं असं की बाप खाली स्टुलावर पेंगतोय आणि मी वर गादीवर पसरलोय, हे आमच्यात बसत नाही. वॉर्डात सगळेच असं करतात. कोणाची म्हातारी आई आली की पेशंट उठून तिला जागा देतो आणि स्वतः खाली सतरंजी टाकतो. त्यात चूक काय, असं कोणालाच वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

मी उठलो तेव्हा पेटीवरचे आकडे गेले, ती नेहमीसारखी ओरडली आणि टेबलावरून कोणीतरी ती बंद केली. आबा आडवे झाले, आकडे परत आले. हिरवा. नाव तेच, सदाशिव, बेड नऊ. मी खाली सतरंजीवर पडून ते वाचलं आणि निर्धास्त झालो. नाव माझं होतं म्हणजे मशीन माझंच बघतंय, असंच मी धरून चाललो. पट्टीला नाव कळत नाही, वर कोण पडलंय तेवढंच कळतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

हिरवा दिवा

थोड्या वेळानं श्वास आत जायचा पण पोचायचा नाही. एवढंच मला सांगता येतं. तोंड उघडं, छाती वर-खाली, आणि आत कुठं काही पोचत नाही.

मी दिवा बघितला. हिरवा.

मी मनाला म्हटलं, ही तुझी नेहमीची भीती आहे. मशीनला सगळं कळतं. ते म्हणतंय ठीक आहे, म्हणजे ठीक आहे. हाक मारू नको, परत सगळे हसतील. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कोणाला तरी इंजेक्शन देत होत्या, त्यांची पाठ मला दिसत होती.

परत बघितलं. हिरवा.

हातांना मुंग्या आल्या. छातीत कोणी मुठी मारत असल्यासारखं. छताचा पंखा फिरत होता आणि त्याची पाती मोजता येईनात. मला कळत होतं की हे वेगळं आहे. माझं अंग मला सांगत होतं की हे वेगळं आहे. आणि मी अंगाचं न ऐकता त्या पेटीचं ऐकत पडलो होतो. मी मरत होतो आणि हिरव्या दिव्याकडं बघून स्वतःला समजावत होतो.

शेवटी हाक मारायची ठरवली. आवाज निघाला नाही. "आबा" एवढं दोन अक्षरांचं नाव, तेही निघेना. आबा वर घोरत होते. मोबाइल त्यांच्या उशाखाली. मी हात लांब करून खाटेचा पाय धरला. हलवता आला नाही, नुसता धरून ठेवला.

दिवा पिवळा झाला. मग लाल. पेटी ओरडायला लागली.

अखेर कळलं याला, असं मला वाटलं. एवढं आठवतं.

पुढचं बेबीबाईंच्या तोंडून. त्या तेवढ्यात नवऱ्याला घेऊन दारातून आत येत होत्या. पेट्या त्या वॉर्डात दिवसभर ओरडायच्या. कोणी लघवीला गेला की ओरडली, कोणी उठून बसला की ओरडली. सिस्टर लोक टेबलावरूनच बघून बंद करतात, नाहीतर दिवसभर धावतच राहायला लागेल. पण लाल बघून वानखडे सिस्टर हातातला ट्रे तसाच खाटेवर टाकून पळाल्या. खाटेवर म्हातारा माणूस बघून त्यांनी त्याला गदागदा हलवलं.

"बाबा! बाबा, छातीत दुखते का?"

आबा दचकून उठले आणि चिडले. "मला काय धाड भरलीया? पेशंट त्यो खाली हाय की!"

सिस्टरांनी खाली बघितलं. बेबीबाई म्हणतात, त्या पोरीच्या तोंडचा रंगच गेला. मग ती फरशीवर गुडघ्यावर बसली आणि असं ओरडली की बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं आत आली.

काचेपलीकडं

नंतरचे दिवस मला नीट लावता येत नाहीत. आय.सी.यू.त काचेच्या खोलीत होतो, घशात श्वासाची नळी होती. हात खाटेला बांधलेले होते, मी नळी ओढायला बघायचो म्हणून. जाग यायची तेव्हा वाटायचं, मी अजून फरशीवरच आहे आणि कोणाला माहीत नाही. ओरडायचं असायचं आणि नळीमुळं ओरडता यायचं नाही. पुन्हा तेच. कोणी विचारलं की नरक कसा असतो, तर मी एवढंच सांगीन.

पुढच्या खाटेवरचा माणूस एका सकाळी नव्हता. खाट धुऊन ठेवलेली. मी डोळे मिटून घेतले.

वानखडे सिस्टरांची ती खोली नव्हे, त्यांचा वॉर्ड वेगळा. तरी ड्युटी संपल्यावर त्या येऊन काचेतून बघून जायच्या. एकदा आत आल्या आणि माझी बांधलेली बोटं हातात धरून म्हणाल्या, "भाऊ, इथं खाली कोणी झोपत नाही. इथं तुम्ही वरच आहात. सगळ्यांना दिसून राहिले." माझ्या मनातलं त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्यानंतर मी नळीशी भांडलो नाही.

ओरडली कशासाठी

नळी निघाल्यावर छोट्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला आधी समजेचना.

मशीन माझ्यासाठी ओरडलं नव्हतं. माझा श्वास त्याला माहीतच नव्हता. ते आबांसाठी ओरडलं. गादीवर आबा होते आणि त्यांची नाडी वेडीवाकडी चालली होती, मधेच पळायची, मधेच थांबायची. झोपेत ती जास्त बिघडली आणि दिवा लाल झाला. आबांना कधी काही वाटलं नव्हतं. शेतात चालताना छातीत फडफडतं म्हणायचे, आई म्हणायची वात आहे.

त्यांना वरच्या मजल्यावर दाखल केलं होतं. म्हणजे बाप एका मजल्यावर आणि लेक दुसऱ्या, आणि दोघांकडं बघायला कोणी नाही. तेव्हा संगीता कोणाला न विचारता भावाला घेऊन आली. लेकीला माझ्या आईपाशी ठेवलं.

तिनं पहिली गोष्ट केली ती आबांच्या खाटेपाशी जाऊन विचारलं, "त्यांच्या जागंवर झोपलात कशाला तुम्ही?"

आबा त्या दिवसापासून जेवेनात. सिस्टर म्हणायच्या, बाबा खा, गोळ्या उपाशीपोटी नाही चालत. ते ताट बघायचे आणि भिंतीकडं वळायचे. संगीताही बोलून बसली होती, तिला मागं घेता येईना. ती एकदा माझ्यापाशी, एकदा त्यांच्यापाशी, जिने चढून उतरून तिचे पाय सुजले, पण त्यांच्याशी शब्द नाही.

एक दिवस बेबीबाईंनी वर जाऊन तिथंच सगळ्यांसमोर तिला झाडली.

"अवो पोरी, हा बुडा त्या गादीवर नसता झोपला तं मशीन बोंबलली असती काय?"

संगीता म्हणाली, "हे झोपले नसते तर ते वर असते. मशीन त्यांच्यासाठीच ओरडली असती, आणि लवकर ओरडली असती. डॉक्टरांनीच सांगितलं."

"मंग ह्या बुड्याचं दुखणं कोणाले कयलं असतं? घरी जाऊन वावरात पडला असता तं?"

संगीतानं आबांचं न शिवलेलं ताट उचललं आणि धुवायला नेलं.

मी पुष्कळ विचार केला. दोघींचंही खरं आहे. आबा वर झोपले म्हणून मी वाचलो असं म्हणावं तर आबा वर झोपले म्हणूनच माझं कोणाला कळलं नाही. हा गुंता मला सुटत नाही आणि आता मी तो सोडवायला बसतही नाही. त्या संध्याकाळी संगीतानं भाकरी चुरून वाटीत घेतली आणि न बोलता आबांपुढं धरली. त्यांनी खाल्ली. एवढं मला बस आहे.

आता नऊ नंबरच्या उशाशी मोठ्या अक्षरात लावलंय की या खाटेवर पेशंटशिवाय कोणी झोपू नये. बेबीबाईंना वाचता येत नाही. त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकाला त्याच ते ओरडून सांगायच्या.

जे तिथं पडलेत त्यांना

मशीन वाईट नाही. त्यानं आबांचं दुखणं धरलं, ते कोणा डॉक्टरांच्या हाती लागलं नव्हतं, कारण आबा कुठल्या डॉक्टराकडं गेलेच नव्हते. पण ते गादीवरच्याचं सांगतं. तुमचं सांगायला तुम्हीच आहात. दम जातोय असं वाटलं तर दिव्याकडं बघत बसू नका, हाक मारा. चुकीची ठरली तर ठरू दे. घाबरट म्हणतील, म्हणू दे. मी तेवढ्या लाजेपायी जाणार होतो.

बाप पेंगत असेल तर दुसऱ्याकडं खुर्ची मागा. गादी देऊ नका. मला माहीत आहे हे किती अवघड आहे.

आणि गूळ खाऊन गप्प बसू नका. हे आमच्या पोरांसाठी.

उरलेलं

मी बरा आहे असं लोक म्हणतात. तेजाबाजवळ आता जाता येणार नाही, म्हणून अमरावतीत तात्यांच्या दुकानात पुढं बसून हिशेब बघतो. जिन्यात थांबतो. गावी गेलो की लेक अंगावर उडी मारते, तेव्हा तिला धरण्याआधी मला मनात तयारी करावी लागते. झोपताना अजून खाली झोपवत नाही. पुढं किती बरं होईल विचारलं की मोठे डॉक्टर म्हणतात, बघू. आबा गोळ्या घेतात आणि रोज फोनवर आधी माझा दम विचारतात, मी त्यांची नाडी विचारतो.

मागं तपासणीला अकोल्याला गेलो तेव्हा वानखडे सिस्टर भेटल्या. मी पाया पडायला वाकलो तर दोन पावलं मागं सरल्या. मला ओळखलंच नव्हतं.

"कोणता बेड होता तुमचा?"

"नऊ. फरशीवरचा."

मग त्या खूप हसल्या आणि हसता हसता डोळे पुसले. मी विचारलं, सगळ्या पेट्या रोज ओरडतात, तुम्ही त्या दिवशी पळालात का? मला वाटलं काहीतरी मोठं सांगतील. त्या म्हणाल्या, "लाल होतं ना भाऊ. लाल झालं की पळायचं. डोकं नाही लावलं काही."

चहाला बसलो तेव्हा कळलं की त्यांची आई शेंदूरजनाघाटला एकटी असते. डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, अमरावतीला. पण दोनदा पुढं ढकललं, कारण सिस्टरांना रजा मिळत नाही आणि आईपाशी बसायला दुसरं कोणी नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या माणसांपाशी बसणारीच्या आईपाशी बसायला कोणी नाही, हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.

मी म्हटलं, "तारीख काढा. मी बसतो."

"तुम्ही? तुम्हाला तर जिना चढताना दम लागते."

"बसायला दम लागत नाही, सिस्टर."

त्यांनी ते हसण्यावारी नेलं, पण जाताना माझा नंबर मोबाइलमध्ये घातला. फोन अजून आलेला नाही. येईल तेव्हा मी अमरावतीतच असेन. आईंच्या उशाशी स्टूल टाकून बसेन, पाणी देईन, थेंब वेळेवर घालेन, आणि त्यांनी हाक मारली, कितीही वेळा मारली, तरी उठेन. हे मी वानखडे सिस्टरांचं देणं लागतो, आणि ते फेडल्याशिवाय गावाकडं कायमचा जाणार नाही.